साहेबांच्या टेबलावरचं पुस्तक

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्ड कंपनीच्या उत्तर अमेरिकेतल्या, पुरवठादारांची बिलं चुकती करणाऱ्या विभागात पाचशेहून अधिक माणसं काम करत होती. नवे संगणक आणून हा आकडा चारशेवर आणायचा बेत होता. मग कुणीतरी माझदाकडे पाहिलं. फोर्डची त्या जपानी कंपनीत भागीदारी होती, त्यामुळे तिथला कारभार आतून दिसत होता. हेच काम माझदात पाच माणसं करत होती. माझदा कितीतरी लहान कंपनी आहे हे जमेस धरलं, तरी हा फरक पचण्यासारखा नव्हता. खोलात गेल्यावर कळलं, की खरेदीची ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि पुरवठादाराचं बिल या तीन कागदांचा मेळ घालण्यात आणि जिथे तो बसत नाही तिथला घोळ निस्तरण्यात फोर्डच्या माणसांचा दिवस जात होता. फोर्डने मग बिलच काढून टाकलं. माल दारात आला, ऑर्डरशी जुळला, की पैसे निघाले. विभागातली तीन चतुर्थांश माणसं कमी झाली.

व्यवस्थापन सल्लागार मायकेल हॅमर यांनी १९९० साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधल्या एका लेखात ही हकीकत सांगितली. १९९३ मध्ये जेम्स चॅम्पी यांच्यासोबत त्यांनी 'रीइंजिनिअरिंग द कॉर्पोरेशन' हे पुस्तक लिहिलं. कल्पना अस्सल होती. जे काम मुळात करायलाच नको ते यंत्राने भरभर करून काय साधणार, हा प्रश्न आजही तितकाच खरा आहे. पण बघता बघता ते पुस्तक वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या टेबलावर दिसू लागलं आणि 'रीइंजिनिअरिंग' हे नोकरकपातीचं सभ्य नाव होऊन बसलं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण रीइंजिनिअरिंग म्हणजे नोकरकपात नव्हे, असं त्याच पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं. हा मार्ग धरणाऱ्या संस्थांपैकी पन्नास ते सत्तर टक्के संस्थांना हवं ते फळ मिळत नाही, असा लेखकांचा स्वतःचा ढोबळ अंदाजही त्यात होता. ती पानं एक तर वाचली गेली नाहीत, किंवा वाचून सोडून दिली गेली. १९९६ साली 'वॉल स्ट्रीट जर्नल'शी बोलताना हॅमर यांनी कबूल केलं, की आपण इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं आणि माणसांची बाजू पुरेशी ओळखली नाही. अशी कबुली द्यायला मोठं मन लागतं. पण तोवर ज्यांच्या नोकऱ्या जायच्या त्या गेल्या होत्या, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी ते पुस्तक उघडूनही पाहिलेलं नसणार.

उद्योगातल्या नेत्यांनी काय वाचावं याच्या याद्या सतत येत असतात. मी त्या गांभीर्याने बघते, त्या याच कारणासाठी. एखादी कादंबरी फसवी निघाली तर वाचणाऱ्याची एक संध्याकाळ वाया जाते. व्यवस्थापनावरचं पुस्तक वाचतो एक आणि त्याचे परिणाम भोगतात शेकडो. त्या शेकड्यांना ना पुस्तक निवडायचा अधिकार असतो, ना त्यातलं कुठलं प्रकरण लागू करायचं हे सांगायचा. त्यामुळे नेत्याचं वाचन त्याच्या खासगी आवडीपुरतं राहत नाही, आणि यादी करणाऱ्यालाही 'मला आवडलं म्हणून सुचवलं' एवढं म्हणून सुटता येत नाही.

हे मी थोडंफार भोगलेलं आहे. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीत तिचे प्रमुख जॅक वेल्च यांनी कर्मचाऱ्यांची दरवर्षी प्रतवारी करण्याची पद्धत रुजवली होती: वरचे वीस टक्के, मधले सत्तर, खालचे दहा. खालच्या दहांना निरोप. २००१ मध्ये आलेल्या आत्मकथनात त्यांनी तिचं जोरदार समर्थन केलं. मी तेव्हा ज्या संस्थेत होते तिथल्या प्रमुखांनी ते पुस्तक वाचलं आणि पुढच्या वार्षिक मूल्यमापनात आमच्याकडे तक्ता आला. माझ्या टीममध्ये नऊ जण होते. नवांचे दहा टक्के म्हणजे किती, हा प्रश्न विचारायची सोय नव्हती. एक नाव हवं होतं. मी ज्या बाईंचं नाव लिहिलं, त्यांनी ते वर्ष इतरांच्या चुका शोधून दुरुस्त करण्यात घालवलं होतं, आणि म्हणूनच स्वतःच्या नावावर पूर्ण केलेलं काम त्यांच्याकडे सर्वांत कमी होतं. पुढच्या वर्षी उरलेल्या आठांनी एकमेकांच्या कामाला हात लावणं बंद केलं. कुणी कुणाशी भांडलं नाही. फक्त जो तो आपापलं काम आपापल्या नावावर राहील याची काळजी घेऊ लागला. मायक्रोसॉफ्टने अशीच पद्धत २०१३ मध्ये बंद केली, ती बातमी वाचताना मला त्या बाईंचा चेहरा आठवत होता.

मग शिफारस कशाची होते? बहुतेक वेळा विजेत्यांची. टॉम पीटर्स आणि रॉबर्ट वॉटरमन यांचं 'इन सर्च ऑफ एक्सलन्स' १९८२चं. त्यात ४३ उत्कृष्ट कंपन्या निवडल्या होत्या. दोनच वर्षांनी 'बिझनेस वीक'ने मुखपृष्ठावर हिशेब मांडला, की त्यातल्या किमान १४ कंपन्यांची झळाळी उतरली आहे. जिम कॉलिन्स यांनी 'गुड टू ग्रेट'साठी (२००१) १,४३५ कंपन्या चाळून ११ निवडल्या. त्या अकरांपैकी गृहकर्जाच्या व्यवसायातली फॅनी मे २००८च्या सप्टेंबरात सरकारी ताब्यात गेली आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकानं चालवणाऱ्या सर्किट सिटीने नोव्हेंबरात दिवाळं जाहीर केलं. कॉलिन्स यांचा मान राखून सांगायला हवं, की त्यांनी पाठ फिरवली नाही. मोठ्या कंपन्या कशा कोसळतात यावर २००९ मध्ये त्यांनी वेगळं पुस्तक लिहिलं आणि त्यात सर्किट सिटीचीही चिकित्सा केली. तरी याद्यांमध्ये पहिलं पुस्तक कायम असतं आणि दुसरं क्वचित.

कंपन्या घसरतात, त्यात लेखकांचा दोष नाही. दोष पद्धतीचा आहे. कंपनी जोरात असताना तिच्या लोकांना विचारलं, की ते सांगतात आमच्याकडे मोकळं बोललं जातं, ग्राहकाला मान आहे, नेतृत्व ठाम आहे. तीच कंपनी गाळात गेली, की तोच ठामपणा हट्ट म्हणून ओळखला जातो. फिल रोझेनझ्वाइग यांनी 'द हेलो इफेक्ट' (२००७) या पुस्तकात संगणकांची जाळी जोडणारी यंत्रं बनवणाऱ्या सिस्कोचं उदाहरण देऊन हे नेमकं दाखवलं आहे. २००० साली शेअर शिखरावर असताना या कंपनीच्या ज्या गुणांचे पोवाडे गायले गेले, भाव कोसळल्यावर त्याच गुणांवर त्याच प्रकारच्या नियतकालिकांनी कोरडे ओढले. आपल्याकडे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं म्हणतात. विजेत्यांच्या पुस्तकांतले कितीतरी धडे या कावळ्याचं वजन मोजण्यात खर्ची पडलेले आहेत.

या खोडीची मुळं फार जुनी आहेत. फ्रेडरिक टेलर यांचं 'प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट' १९११चं. त्यात 'श्मिट' नावाच्या मजुराची गोष्ट आहे: दिवसाला साडेबारा टन कच्चं लोखंड वाहून नेणारी माणसं जिथे होती, तिथे त्याने शास्त्रशुद्ध पद्धतीने ४७ टन वाहिलं. चार्ल्स रेगे आणि अमेडिओ पेरोनी या अभ्यासकांनी १९७४ मध्ये मूळ कागदपत्रं तपासली तेव्हा दिसलं, की टेलर ही गोष्ट प्रत्येक वेळी निराळी सांगत होते आणि पुस्तकात वर्णन केलेली काटेकोर निवड प्रत्यक्षात तशी झालेलीच नव्हती. तोवर साठेक वर्षं ती गोष्ट पुरावा म्हणून शिकवली गेली होती आणि तिच्या आधारावर कामगारांच्या कामाचे मिनिटा-मिनिटांचे हिशेब बांधले गेले होते.

यावर एक उत्तर मला नेहमी ऐकायला मिळतं आणि ते मी झटकून टाकत नाही. नेत्याला पुराव्यापेक्षा धीर जास्त लागतो, असं ते उत्तर आहे. पगाराची तारीख जवळ आलेली, बँक फोन घेत नाही, अशा रात्री संशोधनाचे तक्ते कोण उघडेल? कुणीतरी याहून वाईट परिस्थितीतून बाहेर पडलं होतं, हे वाचूनच सकाळ गाठता येते. मला हे पटतं. फक्त धीर देणारं पुस्तक धीरासाठी वाचावं. त्यातून धोरण काढायला गेलं, की घोटाळा होतो. आत्मकथनातला नायक कर्ज काढून सगळं पणाला लावतो आणि जिंकतो. तसंच सगळं पणाला लावून हरलेल्यांनी आत्मकथनं लिहिलेली नसतात.

वेळ नसतो, ही दुसरी अडचण तर पूर्ण खरी आहे. हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच कंपनीप्रमुखांचा प्रत्येकी एक आठवडा जवळून पाहिला आणि १९७३च्या 'द नेचर ऑफ मॅनेजरिअल वर्क'मध्ये नोंदवलं, की त्यांची निम्मी कामं नऊ मिनिटांहून कमी वेळाची होती आणि तासाहून जास्त चाललेली कामं जेमतेम दहांत एक. अशा फाटलेल्या दिवसात माणूस सारांशाकडेच वळणार. पण सारांशात सर्वांत आधी गळतात ते अपवाद, मर्यादा, 'हे इथे चालणार नाही' अशी वाक्यं. हॅमर यांच्या पुस्तकाचं नेमकं हेच झालं. म्हणून दहा पुस्तकांचे सारांश वाचण्यापेक्षा वर्षात दोन पुस्तकं मुळातून वाचलेली बरी, असं माझं ठाम मत आहे.

कुठली दोन? पुस्तक हातात घेताना मी एकच गोष्ट शोधते. लिहिणाऱ्याला लिहिता लिहिता कुठे धक्का बसला आहे का? जे आधी वाटत होतं ते खोटं ठरल्याची खूण पानांवर दिसते का? ज्या पुस्तकात लेखकाला पहिल्या पानावरच सगळं माहीत असतं, ते मी कुणाच्या हातात देत नाही.

संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेलचे एक प्रमुख अँडी ग्रोव्ह यांच्या 'ओन्ली द पॅरानॉइड सर्व्हाइव्ह'मधला (१९९६) एक प्रसंग जगप्रसिद्ध आहे. १९८५ साली इंटेलचा मेमरी चिपचा धंदा जपानी स्पर्धेपुढे बुडत होता. ग्रोव्ह यांनी कंपनीचे दुसरे प्रमुख गॉर्डन मूर यांना विचारलं, आपल्याला काढून संचालकांनी नवा माणूस आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, मेमरीतून बाहेर पडेल. मग आपणच दारातून बाहेर जाऊन परत आत येऊ आणि ते करू, असं ग्रोव्ह म्हणाले. व्याख्यानांत गोष्ट इथे संपते आणि टाळ्या पडतात. पुस्तकात ती इथे संपत नाही. वरच्या मजल्यावर हे बोलणं होण्याच्या कितीतरी आधीपासून उत्पादनाचं नियोजन करणारी आणि वित्त विभागातली मधल्या फळीची माणसं दर महिन्याला एकत्र बसत होती आणि चिप ज्यावर घडतात त्या सिलिकॉनच्या प्रत्येक चकतीमागे (वेफरमागे) कशातून जास्त पैसा सुटतो हे पाहून कारखान्याची क्षमता वाटत होती. मेमरीत पैसा सुटेना, तशी ती क्षमता हळूहळू मायक्रोप्रोसेसरकडे सरकत गेली. कंपनी आपल्या जुन्या धंद्यातून बाहेर पडत होती आणि तिच्या प्रमुखांना ते सर्वांत शेवटी कळलं. निर्णय जाहीर झाल्यावर एक ग्राहक म्हणाला, फारच वेळ लावलात. हे सगळं ग्रोव्ह स्वतःबद्दल लिहितात, कुठलीही सारवासारव न करता. मला या प्रकरणात धाडसापेक्षा तो महिन्याच्या बैठकीचा साधा नियम मोलाचा वाटतो. तुमच्या संस्थेत असा कोणता नियम आहे, जो तुमच्या परवानगीवाचून तुम्हाला सत्याकडे ढकलेल? हा प्रश्न घेऊन एखादा प्रमुख आठवडाभर अस्वस्थ राहिला, तर पुस्तकाचं सार्थक झालं. त्यांचंच 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' (१९८३) रोजच्या कामासाठी याहूनही उपयोगी आहे. मॅनेजरचं काम म्हणजे त्याच्या हाताखालच्या आणि त्याचा प्रभाव पडतो त्या शेजारच्या टीमचं मिळून झालेलं काम, ही त्यातली व्याख्या ज्याला पचली तो स्वतःच्या भाषणांकडे निराळ्या नजरेने पाहू लागतो.

दुसरं नाव मी घेईन ते याद्यांमध्ये सहसा नसतं. एडिथ पेनरोज यांचं 'द थिअरी ऑफ द ग्रोथ ऑफ द फर्म', १९५९. वाचायला जड आहे, हे आधीच सांगते. पण त्यातला एक विचार वेगाने वाढू पाहणाऱ्या प्रत्येक उद्योजकाने भिंतीवर लावावा असा आहे. भांडवल बाहेरून मिळतं. हुशार माणसंही बाहेरून मिळतात. एकमेकांबरोबर काम केल्याचा अनुभव मात्र बाजारात विकत मिळत नाही. नव्या मॅनेजरला आत मुरवायला जुन्यांचा वेळ लागतो, आणि तो वेळ त्यांच्या चालू कामातून काढावा लागतो. म्हणून वाढीच्या वेगाला एक आतली मर्यादा असते, ती बँकेतल्या रकमेने ओलांडता येत नाही. भरपूर गुंतवणूक मिळाल्यानंतर वर्षभरात माणसं दुप्पट करून, मग कुणालाच कुणाचं काम का कळत नाही म्हणून हैराण झालेले संस्थापक मी पाहिले आहेत. साठहून अधिक वर्षांपूर्वी एका अर्थशास्त्रज्ञ बाईंनी त्यांचं दुखणं लिहून ठेवलं होतं.

एलियाहू गोल्डरॅट यांच्या 'द गोल'बद्दल (१९८४) फार सांगायला नको. कारखान्यावरची कादंबरी आहे, वाङ्मय म्हणून बेताची, पण घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे शोधायला तिच्याइतकं चांगलं शिकवणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. सहलीला निघालेल्या मुलांच्या रांगेत सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाला पुढे घेऊन त्याच्या पाठीवरचं ओझं इतरांत वाटून देण्याचा प्रसंग वाचला, की 'सगळ्यांनी जास्त वेगाने काम करा' हे वाक्य पुन्हा तोंडातून निघत नाही.

उद्योजकतेवर तर भाबडेपणा आणखी जास्त. अभूतपूर्व कल्पना, मोठा गुंतवणूकदार, जग बदलण्याची जिद्द, हे चित्र इतकं घट्ट बसलं आहे, की ते नसेल तर माणूस सुरुवातच करत नाही. अमर भिडे यांनी 'द ओरिजिन अँड इव्होल्यूशन ऑफ न्यू बिझनेसेस'साठी (२०००) झपाट्याने वाढलेल्या शंभर कंपन्यांच्या संस्थापकांच्या मुलाखती घेतल्या. दहातल्या सुमारे सातजणांनी आधीच्या नोकरीत पाहिलेलीच कल्पना उचलली होती किंवा थोडी बदलली होती, आणि बहुतेकांची सुरुवात अगदी तुटपुंज्या पैशात झाली होती. सरस सरस्वती या संशोधिकेने २७ अनुभवी उद्योजकांना एक काल्पनिक उत्पादन देऊन, विचार मोठ्याने बोलत निर्णय घ्यायला लावलं. ही माणसं बाजाराच्या भाकितांवर फारसा भरवसा ठेवत नव्हती. आपल्याकडे काय आहे, आपण कुणाला ओळखतो आणि यात किती बुडालं तर झेपेल, इथून ती सुरुवात करत होती. सर्वस्व पणाला लावणाऱ्या नायकाच्या गोष्टीशेजारी हे शेवटचं वाक्य ठेवून पाहावं. धंदा सुरू करायला निघालेल्या तरुणाच्या हातात कुठलं पुस्तक द्यायचं, याबद्दल मला मुळीच शंका उरत नाही. त्याच्या घरच्यांचाही त्या निवडीशी संबंध असतो.

अजून एक आग्रह आहे. पुस्तकातलं काही लागू करायचं असेल, तर ज्यांच्यावर ते लागू होणार त्यांच्या हाती ते पुस्तक आधी पडावं. सारांशाचे स्लाइड नकोत, मूळ प्रकरण हवं. आणि महिन्याभराने त्यांनी 'हे आपल्याकडे का चालणार नाही' यावर बोलावं, आणि प्रमुखाने त्या बैठकीत फक्त टिपणं घ्यावीत. माझ्या टीमच्या नऊ जणांना तो तक्ता येण्याआधी महिनाभर वेल्च यांचं ते प्रकरण वाचायला मिळालं असतं, तर त्यांनी काय सांगितलं असतं ते मी आज वाक्यागणिक सांगू शकते.

अपयशावरचं एकच पुस्तक निवडायचं तर डायान वॉन यांचं 'द चॅलेंजर लाँच डिसिजन' (१९९६). २८ जानेवारी १९८६ रोजी नासाचं चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सात जण गेले. आदल्या संध्याकाळी बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी थंडीत रॉकेटचे सांधे घट्ट बंद ठेवणाऱ्या रबरी रिंगा दगा देतील म्हणून उड्डाण नको, असं सांगितलं होतं. मग कंपनीच्या अधिकाऱ्यांनी बाजूला चर्चा केली, त्यात एका वरिष्ठाने दुसऱ्याला इंजिनिअरची टोपी काढून मॅनेजरची घालायला सांगितलं, आणि होकार गेला. वॉन या समाजशास्त्रज्ञ. घाईपोटी मॅनेजरांनी नियम मोडले असणार, असं समजून त्यांनी अभ्यास सुरू केला. कागदपत्रांत वर्षानुवर्षं बुडी मारल्यावर त्यांना उलट दिसलं: माणसं नियम पाळत होती. रिंगांची झीज आधीच्या कित्येक उड्डाणांत दिसली होती, प्रत्येक वेळी काही बिघडलं नाही, आणि जे आधी धोक्याचं होतं ते टप्प्याटप्प्याने चालण्यासारखं ठरत गेलं. वाईट माणूस शोधायला निघालेल्या लेखिकेला तो सापडला नाही, आणि तसं त्यांनी लिहिलं.

पुस्तक आल्यावर वॉन यांना निरनिराळ्या क्षेत्रांतल्या संस्थांनी बोलावलं. नासाने बोलावलं नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना आकाशात फुटलं; त्यातही सात जण होते. इंधनाच्या टाकीवरच्या फोमचे तुकडे उड्डाणावेळी सुटून यानावर आदळतात हे आधीच्या कित्येक उड्डाणांत दिसलं होतं आणि काही बिघडलं नाही म्हणून चालण्यासारखं ठरलं होतं. चौकशी मंडळाने वॉन यांना तेव्हा सोबत घेतलं. त्या मंडळाच्या अहवालाचं आठवं प्रकरण दोन्ही अपघात शेजारी शेजारी ठेवून लिहिलेलं आहे, आणि ते लिहिण्यात त्यांचा हात आहे. अहवाल कुणालाही फुकट वाचता येतो.